भात मुद्दाम लागू द्यायचा असतो तेव्हा

मागच्या अंकात मी हाँगकाँगच्या मातीच्या भांड्यातल्या भाताबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि जाता जाता म्हटलं होतं की हा भात घरी राइस कुकरमध्येही छान होतो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कँटोनीज भाषेत याला बोउ-चाय-फान म्हणतात, यातला 'च' चमचातला, चिमट्यातला नाही. बोउ म्हणजे भांडं, चाय म्हणजे छोटंसं आणि फान म्हणजे भात. दक्षिण चीनमधला ग्वांगडोंग प्रांत आणि हाँगकाँग हे याचं घर. एका माणसापुरत्या मातीच्या भांड्यात कच्चा तांदूळ शिजायला ठेवायचा, पाणी आटत आलं की वर चिकन-मश्रूम, सॉसेज, खारवलेला मासा घातलेला खिमा, काळ्या आंबवलेल्या सोयाबीनमधल्या रिब्स असं काहीतरी मांडायचं, झाकण ठेवून त्याच वाफेवर ते शिजू द्यायचं आणि तळाशी सोनेरी खरवड धरू द्यायची. शेवटी वरून गोडसर सोया सॉस. एवढंच. पण या एवढ्यातच सगळी गंमत वेळेची आहे, आणि तुमचे बहुतेक प्रश्नही त्याबद्दलच आहेत.

प्रश्न : ताई, तुमचं वाचून लगेच केला पण भात पार गिच्च झाला, चिकन शिजलं पण खाली लापशीच. दोन कप तांदूळ, चार कप पाणी घेतलं होतं, चिकन सुरुवातीलाच वर ठेवलं. कुठे चुकलं?

पाण्यात चुकलं, आणि थोडं चिकनमध्ये. दुप्पट पाण्याचं माप हे उघड्या पातेल्यातल्या भाताचं, तिथे निम्मं पाणी वाफ होऊन जातं. राइस कुकरचं झाकण बंद असतं, वाफ फार जात नाही, त्यामुळे तुम्ही ओतलेलं जवळजवळ सगळं पाणी तांदळालाच प्यावं लागतं. त्यात चिकनला सुटलेलं पाणी वेगळं. म्हणजे तुमच्या तांदळाला बिचाऱ्याला चार कपांहूनही जास्त पाणी प्यायला लावलं.

माझं माप सांगते. कुकरसोबत जो प्लॅस्टिकचा कप येतो ना तो १८० मिलीचा असतो, ते जपानी माप आहे, आपल्या नेहमीच्या मेजरिंग कपापेक्षा लहान, हा घोळ खूप जणांचा होतो म्हणून आधी तोच कप शोधा. असे दोन कप तांदूळ म्हणजे साधारण ३०० ग्रॅम, दोघांना पोटभर. नुसता भात करायचा असता तर मी ३६० मिली पाणी घेतलं असतं, म्हणजे मापास माप. पण वर २५० ग्रॅम चिकन आणि मश्रूम येणार असेल तर ३३० मिलीच घेते. पहिल्यांदा ३० मिली कमी घालताना हात धजत नाही, पण घाला, चिकन ते भरून काढतं.

तांदूळ लांब, बारीक आणि वासाचा हवा. ग्वांगडोंगमध्ये सी-म्यू नावाचा बारीक लांब तांदूळ यासाठी नावाजलेला आहे, तो न मिळाल्यास थाई जास्मिन उत्तम, मी तोच वापरते. सुशीचा आखूड चिकट तांदूळ नको, त्याचं शीत न् शीत एकमेकाला धरून बसतं आणि मग सॉस आत उतरतच नाही. बरेच जण जुना आणि नवा तांदूळ मिसळतात, जुना पाणी जास्त पितो आणि मोकळा राहतो, नव्याला वास चांगला असतो. तुमच्याकडे दोन्ही असतील तर जरूर करून बघा.

तीन-चार पाण्यातून धुवा, नीट निथळा, मग मोजलेल्या पाण्यातच कुकरच्या भांड्यात २० ते २५ मिनिटं भिजू द्या आणि त्याच पाण्यात शिजवा. वेगळं भिजवून पाणी ओतून दिलंत की तांदळाने किती पाणी पिऊन घेतलं त्याचा हिशोबच लागत नाही. भिजवणं मात्र टाळू नका, कारण या भातात पुढे ढवळायला किंवा पाणी वाढवायला वाव नाही, वर सगळं मांडलेलं असतं, तेव्हा दाणा आतपर्यंत आधीच ओला झालेला बरा.

प्रश्न : चिकन नेमकं कधी घालायचं? आणि फक्त वाफेवर ते नक्की शिजतं का? घरात लहान मुलं आहेत म्हणून भीती वाटते.

भीती रास्त आहे म्हणून नीट सांगते. कुकरचं बटण दाबल्यावर आठ-दहा मिनिटांत, कुकर कसा आहे त्यावर, पाणी खळखळायला लागतं. त्यानंतर झाकणाच्या भोकातून वाफ जोरात यायला लागली की उघडून बघा. आधी तांदळाच्या वर पाणी उकळताना दिसेल. मग दोनेक मिनिटांत ते पाणी खाली उतरतं आणि भाताच्या पाठीवर बारीक बारीक भोकं पडतात, त्या भोकांतून बुडबुडे येतात, ओल्या वाळूत खेकड्यांची बिळं असतात ना अगदी तशी. हीच वेळ! तांदूळ अजून अर्धा कच्चा असतो, खाली पाणी असतं, वरचा थर मात्र साहित्य पेलण्याइतका घट्ट झालेला असतो. पाणी वर असतानाच चिकन घातलंत तर ते पाण्यात बुडून उकडतं आणि त्याचा मसाला भातात विरघळतो, आणि सगळं पाणी आटल्यावर घातलंत तर वाफच उरत नाही शिजायला.

झाकण उघडायच्या आधी ताटली शेजारी तयार ठेवा. चिमट्याने तुकडे पसरत बसायचं नाही, पटकन मांडायचं आणि झाकण लावायचं, अर्ध्या मिनिटात काम संपलं पाहिजे, नाहीतर वाफ सगळी जाते.

चिकन शिजतं का, तर पातळ कापलंत तर शिजतं. हाडाचे मोठे तुकडे कुकरमध्ये घालू नका, दुकानात ते जमतं कारण तिथे खाली मोठी आच असते. बोनलेस थाय पीस घ्या, ब्रेस्ट कोरडा पडतो. जेमतेम दोन सेंटीमीटरचे तुकडे करा, एकावर एक ढीग न करता एका थरात मांडा. बटण आपोआप उडाल्यावर झाकण न उघडता अजून १० ते १५ मिनिटं वाफेत मुरू द्या. मग सगळ्यात जाड तुकडा कापून बघा, आत गुलाबी दिसता कामा नये, स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर ७४ अंश दाखवला पाहिजे. तसं नसेल तर संकोच न करता चिकन काढून कढईत दोन मिनिटं परता आणि परत भातावर ठेवा, चवीचं काही बिघडत नाही.

मॅरिनेशन : २५० ग्रॅम चिकनला एक टेबलस्पून लाइट सोया, एक टीस्पून ऑयस्टर सॉस, अर्धा टीस्पून साखर, चिमूटभर पांढरी मिरीपूड, आल्याच्या भरपूर बारीक काड्या, एक टेबलस्पून पाणी. हे पाणी चिकनमध्ये पूर्ण मुरेपर्यंत हाताने कालवा, मग एक टीस्पून कॉर्नफ्लोअर, आणि सगळ्यात शेवटी एक टीस्पून तेल. शाओशिंग वाइन (तांदळाची चिनी दारू) असेल तर एक टीस्पून, नसेल तर अडत नाही. कॉर्नफ्लोअरमुळे तुकड्यांवर गुळगुळीत पातळ आवरण धरतं आणि रस आत राहतो, कँटोनीज लोक अशा चिकनला गुळगुळीत चिकन असंच म्हणतात. अर्धा तास बास.

वाळवलेले शिताके मश्रूम चार-पाच घ्या, शक्यतो गार पाण्यात रात्रभर भिजवा आणि मग दोन्ही तळहातांत धरून घट्ट पिळा, अगदी घट्ट, कारण न पिळलेलं एक मश्रूम चमचा-दीड चमचा पाणी भातात सोडतं. भिजवलेलं पाणी टाकू नका, गाळून घ्या आणि ३३० मिलीमधलं थोडं पाणी ते घ्या.

प्रश्न : शिट्टीच्या कुकरमध्ये जमेल का?

नाही हो. मधेच झाकण उघडता येत नाही, तिथेच विषय संपतो. जाड बुडाच्या पातेल्यात घट्ट झाकण लावून करा, ते राइस कुकरपेक्षाही चांगलं होईल.

प्रश्न : खरी गंमत तर तळाच्या खरवडीची आहे ना? माझा कुकर भात झाला की टक् करून वॉर्मवर जातो, खाली भात पांढराशुभ्रच. पुन्हा बटण दाबलं तर राहतच नाही. एकाने सांगितलं की बटणाखाली लाकडी चमचा अडकवून ठेव. करू का?

चमचा अडकवू नका, कृपा करून. तो टक् म्हणजेच त्या कुकरची सगळी अक्कल आहे आणि तीच तुम्ही काढून टाकताय. आत काय चाललंय ते एकदा समजून घेतलं की खरवड कशी काढायची तेही आपोआप कळेल.

साध्या एका बटणाच्या कुकरमध्ये हीटिंग प्लेटच्या मधोमध एक स्प्रिंगवाली गोल टिकली असते, भांडं ठेवलं की ती खाली दबते. त्या टिकलीत एक खास धातुमिश्रण असतं आणि खाली लोहचुंबक. बटण दाबलं की ते चुंबकाला चिकटतं आणि करंट चालू राहतो. भांड्यात पाणी आहे तोवर तळ १०० अंशांच्या फार वर जाऊच शकत नाही, सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच जाते. पाणी संपलं की तळ एकदम तापायला लागतो, आणि शंभराच्या जरा वर गेला की त्या मिश्रणाचं चुंबकत्व जातं, चिकटलेलं सुटतं, स्प्रिंग उडते, टक्! म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर भात लागायच्या अगदी आधीच्या क्षणी बंद व्हायचं, याचसाठी ते यंत्र बनवलंय. आणि आपल्याला नेमका तो भात लागायला हवाय. खमंग सोनेरी रंग यायला तळाशी साधारण १४० अंश किंवा जास्त लागतात. बटण लगेच पुन्हा राहत नाही याचंही कारण तेच, टिकली गार झाल्याशिवाय तिचं चुंबकत्व परत येत नाही.

मग करायचं असं. पहिलं, तांदूळ घालायच्या आधी भांड्याच्या तळाला आणि बाजूला दोन बोटं उंचीपर्यंत तेल लावून घ्या, सढळ हाताने. हाँगकाँगमध्ये डुकराची चरबी वापरायची पद्धत आहे, तिने वास फार सुंदर येतो, पण साधं तेलही चालतं. दुसरं, बटण उडालं की १० ते १५ मिनिटं थांबा, तसंही चिकनला मुरायला एवढा वेळ हवाच असतो. मग झाकण उघडून एक टेबलस्पून तेल भाताच्या कडेने, भात आणि भांडं यांच्या फटीत, गोल फिरवत सोडा. मातीच्या भांड्यातही कूक लोक असंच करतात, कडेने तेल सोडून भांडं तिरकं करून एकेक बाजू आचेवर धरतात, वळवतात, परत धरतात. आता बटण दाबा, राहील. दोन-चार मिनिटांनी पुन्हा उडेल. दहा मिनिटं थांबून अजून एकदा. दोन फेऱ्यांत माझ्या कुकरमध्ये फिकट सोनेरी, कुरकुरीत थर येतो, तिसरी फेरी मी करत नाही कारण वरचं चिकन कडक होतं.

कान आणि नाक वापरा इथे. तळाशी आधी ओलसर फसफस ऐकू येते, मग ती बारीक, कोरडी, चुरचुर अशी होते. वास आधी नुसत्या भाताचा, मग भाजलेल्या लाह्यांसारखा. लाह्यांचा वास आला की थांबा. त्यानंतरचा वास करपल्याचाच असतो आणि करपलेलं कडू वरपर्यंत चढतं.

आता एक स्पष्ट सांगते. कोळशावरच्या मातीच्या भांड्यासारखी गडद, जाड खरवड साध्या कुकरमध्ये येत नाही. ती हवीच असेल तर भात आणि वरचं सगळं कुकरमध्ये शिजवा आणि शेवटची पाच मिनिटं बिडाच्या तव्याला द्या. तवा तापवून तेल सोडायचं, कुकरमधला भात अलगद त्यावर पसरायचा, दाबायचा, मध्यम आचेवर न हलवता ठेवायचा. मी पाहुणे असले की हेच करते. या खरवडीला कँटोनीजमध्ये फान-चिउ म्हणतात, आणि जेवायला बसल्यावर ती सगळ्यांना सारखी वाटली जाते की नाही याकडे घरातल्या प्रत्येकाचं लक्ष असतं.

प्रश्न : माझा डिजिटल कुकर आहे, दहा मोड आहेत, यातला कुठला?

आधी बघा की क्लेपॉट किंवा क्रस्ट असा काही मोड आहे का, चिनी कंपन्यांच्या काही कुकरमध्ये खास या भाताचाच मोड असतो. नसेल तर क्विक कुक घ्या. नेहमीचा व्हाइट राइस मोड बऱ्याच कुकरमध्ये आधी भिजवण्याचा वेळ धरून चालतो, त्यामुळे झाकण कधी उघडायचं ते कळत नाही. आणि प्रेशरवाला कुकर असेल तर शिट्टीच्या कुकरचं उत्तर वाचा.

प्रश्न : मातीचं भांडं आणलंय, ते कुकरच्या आत ठेवलं तर?

नको, आतलं मूळ भांडं प्लेटला टेकलं तरच तापमान नीट कळतं. मातीचं भांडं गॅसवरच वापरा, पण आधी मंद आच, मग वाढवा, आणि गरम भांडं ओल्या ओट्यावर टेकवू नका. माझं पहिलं असंच गेलं, ओट्यावर ठेवलं आणि तळापासून कडेपर्यंत सरळ चीर. हाँगकाँगच्या भांड्यांना बाहेरून तारेची जाळी गुंडाळलेली असते ती याच कारणासाठी, चीर गेली तरी भांडं धरून राहतं.

प्रश्न : मी सोया सॉस पाण्यातच घालून शिजवला, भात काळा झाला आणि चव नुसती खारट. हॉटेलसारखा सॉस कसा करायचा?

सॉस शेवटी, ताटात यायच्या क्षणी. शिजताना घातला की त्यातली साखर तळाशी जाऊन करपते, आणि भाताला स्वतःचा वासच उरत नाही. या पदार्थात भात हाच राजा आहे असं मी मानते, वरच्या चिकनचा किंवा सॉसेजचा रस आणि चरबी खाली झिरपून भात चविष्ट व्हावा एवढ्यासाठी ते वर मांडलेलं असतं, आणि सॉसनेही भाताला उठाव द्यायचा, त्याला झाकायचं नाही.

दोघांसाठी : दोन टेबलस्पून लाइट सोया, एक टीस्पून डार्क सोया, दीड टीस्पून साखर, दोन टेबलस्पून पाणी, छोट्या भांड्यात साखर विरघळेपर्यंत गरम करा, उकळी फुटली की बंद, मग अर्धा टीस्पून तिळाचं तेल. मश्रूमचं पाणी उरलं असेल तर साध्या पाण्याऐवजी ते घ्या, फरक लगेच जाणवतो. लाइट आणि डार्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात ठेवा. लाइट पातळ आणि खारट, चवीसाठी. डार्क दाट, जरा गोडसर, मुख्यतः रंगासाठी. बरेच लोक घरात एकच बाटली ठेवतात आणि ती नेमकी डार्क असते, मग असा काळा भात होतो. झाकण काढायचं, सॉस गोल फिरवत ओतायचा, पुन्हा अर्धा मिनिट झाकायचं आणि मग तळापासून वर उलथत मिसळायचं. सगळा सॉस एकदम ओतू नका, अर्धा ओता, चाखा, मग बघा.

पालेभाजी, म्हणजे काय-लान किंवा चोय-सम, वेगळी उकळत्या पाण्यातून मिनिटभर काढून शेवटी वर ठेवायची. भातावर शिजवली की पिवळी पडते आणि पाणीही सोडते.

प्रश्न : लाप-च्योंग नावाचं सॉसेज मिळालंय, दगडासारखं कडक आहे. खराब तर नाही ना? कसं वापरायचं?

खराब नाही, ते तसंच असतं. लाप-च्योंग म्हणजे डुकराचं मांस आणि चरबीचे तुकडे, मीठ, साखर, सोया सॉस आणि दारू घालून वाळवलेलं सॉसेज. दारू बहुतेक वेळा गुलाबाच्या वासाची, त्यामुळे पाकीट उघडलं की गोडसर फुलासारखा वास येतो. एक काळपट प्रकारही असतो त्यात यकृत घालतात, तो जास्त उग्र, पण दोन्ही एकत्र घातले की मजा येते. 'लाप' हे चांद्र वर्षाच्या बाराव्या महिन्याचं नाव, त्या कोरड्या थंड हवेत मांस वाळवायची रीत, त्यावरून या सगळ्या प्रकारालाच लाप-मेय म्हणतात. कँटोनीज लोकांमध्ये म्हणच आहे की शरदाचा वारा सुटला की लाप-मेय खायचं. म्हणून हा भात तिकडे थंडीतला. हाँगकाँगच्या याउ मा तेई भागातल्या टेंपल स्ट्रीटच्या आसपास हिवाळ्याच्या रात्री दुकानांत शेगड्यांची रांगच्या रांग लागलेली असते, प्रत्येकीवर एकेक भांडं, आणि बाहेर स्टुलांवर लोक वाट बघत बसलेले.

हे सॉसेज कच्चं खायचं नाही, शिजवायचंच. गरम पाण्याने धुवा, वरची धूळ-तेल जातं. कापू नका, अख्खंच भातावर ठेवा, चिकनसारखं ती भोकं पडल्यावर. भात मुरल्यावर काढा आणि तेव्हा तिरके पातळ काप करा. आधी कापलंत तरी चालतं, पण अख्खं ठेवलं तर रस आत राहतो. काप करताना बघा, आधी जे चरबीचे ठिपके पांढरे, खडूसारखे होते ते आता काचेसारखे आरपार झालेले असतात, आणि सॉसेज जिथे टेकलं होतं तिथे भातावर लालसर तेलाची रेघ उमटलेली असते. त्या रेघेवरचा घास पहिला तुम्ही घ्या, करणाऱ्याचा तो हक्क आहे.

पाण्याचं एक लक्षात घ्या, लाप-च्योंग चरबी सोडतं, पाणी सोडत नाही. नुसतं सॉसेजच घालणार असाल तर पाणी ३३० नको, ३५० ते ३६० मिली घ्या. आणि सॉसमधला लाइट सोया थोडा कमी, कारण सॉसेज स्वतःच खारट-गोड असतं. उरलेलं फ्रीझरमध्ये ठेवा, चांगलं टिकतं.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, आमच्यासाठी काही आहे का यात की वाचून गप्प बसायचं?

आहे की! वाळवलेले शिताके सात-आठ, वर सांगितल्याप्रमाणे भिजवून पिळून, लाइट सोया, साखर, आलं, कॉर्नफ्लोअर आणि जरा जास्त तेलात कालवून ठेवा. सोबत घट्ट टोफूचे तळलेले तुकडे. ऑयस्टर सॉस कालवांचा असतो तेव्हा तो नको, मश्रूमपासून केलेला शाकाहारी सॉस त्याच चवीच्या जवळ जातो. एक चमचा काळे आंबवलेले सोयाबीन धुवून, चेचून, लसणाबरोबर तेलात परतून मश्रूममध्ये घातलेत तर चवीला एकदम वजन येतं. इथे वरून झिरपणारी चरबी नाही म्हणून शिजायच्या पाण्यात एक टीस्पून तेल घालायला विसरू नका, आणि खरवडीसाठीचं तेलही हात आखडून घालू नका. मला स्वतःला चिकनपेक्षा मश्रूमचा भात जास्त आवडतो, वास भातात खोलवर उतरतो.

प्रश्न : वर कच्चं अंडं फोडलेलं चित्र बघितलं, ते कसं?

तो बीफ खिम्याचा प्रकार, नावाचा अर्थच घरट्यातलं अंडं. खिमा भातावर पातळ पसरायचा, मधे खळगा ठेवायचा, कुकर बंद होऊन दहा मिनिटं झाली आणि खिमा पूर्ण शिजला की त्या खळग्यात अंडं फोडून पाच मिनिटं झाकायचं. पांढरं धरतं, पिवळं वाहतं राहतं आणि मिसळताना भाताला लागतं. लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं यांच्या ताटात मात्र पिवळंही घट्ट झालेलंच वाढा.

प्रश्न : माझा मुलगा म्हणतो राइस कुकरमधला म्हणजे खोटा बोउ-चाय-फान. खरंच का?

मातीचं भांडं नाही म्हणून नाव तेच द्यावं का यावर वाद होऊ शकतो, पण खोटा म्हणू नये. जपानमध्ये तोशिबाने १९५५ साली आपोआप बंद होणारा इलेक्ट्रिक राइस कुकर बाजारात आणला, आणि पुढच्या काही वर्षांत जपानी कुकर हाँगकाँगच्या घरांमध्ये पोचले. तिथल्या लोकांनी तो नुसत्या भातापुरताच ठेवला नाही, पाणी आटत आलं की वर लाप-च्योंग ठेवायचं, ही सवय ते कुकरमध्येही घेऊन आले. आणि म्हणून तिकडे विकल्या जाणाऱ्या नॅशनलच्या (म्हणजे आजच्या पॅनासॉनिकच्या) कुकरच्या झाकणाला काचेची छोटी खिडकी दिली गेली, सॉसेज टाकायची वेळ झाली का ते झाकण न उघडता दिसावं म्हणून. मला ही गोष्ट फार आवडते. मोठ्या कंपनीने यंत्र बनवलं आणि घरातल्या बायकांच्या भाताने त्या यंत्राचं झाकण बदलायला लावलं! तेव्हा मुलाला सांगा, कामावरून थकून आलेल्या माणसाने एका कुकरमध्ये भात आणि त्यावर सॉसेज लावून दोन-दोन शेगड्या वाचवायच्या हेही त्या गावचं तितकंच खरं जेवण आहे. दुकानातला कोळशावरचा भात वेगळा, घरातला वेगळा, दोन्ही त्यांचेच.

प्रश्न : उरला तर सकाळपर्यंत वॉर्मवर ठेवला तर चालेल ना? आणि तळाला चिकटलेलं कसं काढायचं, कोटिंग जातंय.

वॉर्मवर रात्रभर नको, वर मांस असताना तर मुळीच नको. शिजलेल्या भातात असे जंतू राहतात ज्यांचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते पुन्हा वाढतात आणि पोट बिघडवतात. उरलेला भात पसरट डब्यात काढा, तासाभरात फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवा.

कोटिंगसाठी, स्टीलचा चमचा किंवा उलथणं भांड्यात अजिबात घालू नका, लाकडी किंवा कुकरसोबतचा प्लॅस्टिकचा भातवाढा वापरा. खरवड गरम असताना ओढून काढायला गेलं की ती तुटते आणि आपण जोर करतो. वरचा भात वाढून घ्या, भांडं तसंच पाच मिनिटं उघडं ठेवा, खरवड आपणहून कडेपासून सुटायला लागते, मग कडेने भातवाढा सरकवा. तरीही जी सुटली नाही तिच्यावर वाटीभर गरमागरम सूप किंवा चहाचं कोरं पाणी ओता, झाकण ठेवा, तीन-चार मिनिटांनी उघडा. तळाची खरवड मऊसर होऊन वर आलेली असते, कडेला अजून जराशी कुरकुरीत, आणि ते पाणी खरवडीच्या वासाने भरलेलं असतं. वाटीत काढा आणि गरम असतानाच प्या.